एकच आकडा

छत्रपती संभाजीनगरच्या एका खासगी दवाखान्यात सफाईचं काम करणारे मामा आणि ऑपरेशन थिएटरच्या मोठ्या सिस्टर, दोघांचे रिपोर्ट एकाच दिवशी आले. ‘ब’ काविळीविरुद्धची प्रतिपिंडं दोघांचीही 10 च्या खाली. डॉक्टरांनी सिस्टरना कामावर धाडलं आणि मामांच्या दंडात लगेच लसीचा एक डोस टोचला.

मामा बिघडले. “तीन डोस म्याबी घेतलेत. आकडा सारखाच, मग सुई मलाच कामून?”

सिस्टरनी आपल्या फाइलमधला जुना कागद काढला. तिसऱ्या डोसनंतर महिनाभराने केलेली तपासणी: 340.

“मामा, तुम्ही बेगमपुऱ्यातले. मलिक अंबरची नहर जमिनीखालून जाते. वर पाणी दिसत नाही म्हणून ती नाहीच असं म्हणाल का? माझी प्रतिपिंडं ओसरली, पण ती बनवायला शिकलेल्या पेशी आत आहेत. या विषाणूला आजार उभा करायला दोन-तीन महिने लागतात. तेवढ्यात त्या कामाला लागतात. तुमची नहर खणली गेली का, हे मात्र कुणी पाहिलंच नाही. धडधाकट माणसांतही शंभरातल्या पाच-दहा जणांना तीन डोस लागू पडत नाहीत. वय, विडी, साखर असली की आणखीच.”

महिन्याने मामांचा आकडा पुन्हा 10 च्या खाली. आठवण असती तर एका डोसावर तो बहुधा उसळला असता. मग उरलेले दोन डोस वेळापत्रकाप्रमाणे झाले, महिना गेला, रक्त दिलं. आकडा आला 34.

“एवढाच?” मामा हिरमुसले.

“दहा ओलांडले ना, बास,” डॉक्टर म्हणाले. “उद्या हे 34 उतरले तरी शरीर शिकलंय. नसतं शिकलं, तर बाधित रुग्णाची सुई टोचल्यावर शक्यतो 24 तासांत तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन घ्यावं लागलं असतं. तेही आधी माहीत असलेलं बरं.”

मामांनी रिपोर्टच्या दोन झेरॉक्स काढल्या. लॅबमधला पोरगा हसला, “मामा, सहा डोस घेऊन चौतीस! माझे तिनातच झाले, मला काय होतंय?”

“रिपोर्ट दाखव,” मामा म्हणाले.

पोराने तपासणी केलीच नव्हती.

तात्पर्य: ओसरलेलं आणि कधी नसलेलं, दोन्ही वरून सारखंच रिकामं दिसतं. वेळेवर केलेली तपासणी आणि जपून ठेवलेला कागदच त्यातला फरक सांगतो.