दोष आणि दोष झाकणे

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एकदा धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा त्यांच्या बोटांना ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. कारण खरे होते. पाऊस त्याच्या हाती नव्हता. तरीही ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे प्रेषितांनी (स.) विचारले आणि फसवणाऱ्याशी आपले नाते नाही, असे बजावले. धान्य भिजणे हा अपराध नव्हता. ओल झाकणे हा अपराध होता.

हा भेद आजच्या कारखानदारीलाही लागू पडतो. अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीच्या शेव्हरोले कोबाल्ट आणि इतर काही मोटारींचा किल्लीचा स्विच सैल होता. गुडघ्याचा धक्का किंवा जड जुडग्याचा भार पडला, तर किल्ली फिरून धावत्या मोटारीचे इंजिन बंद पडे आणि अपघातात एअरबॅग उघडत नसे. २००६ मध्ये स्विचची रचना बदलण्यास मंजुरी मिळाली. परंतु सुट्या भागाचा क्रमांक मात्र जुनाच ठेवला गेला. पुढच्या मोटारी सुधारल्या, आधी विकलेल्या तशाच धावत राहिल्या. अखेर २०१४ मध्ये सुमारे २६ लाख मोटारी परत बोलावण्यात आल्या. भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले.

दुरुस्ती झाली होती. कबुली झाली नव्हती. ज्यांचे पैसे आधीच मिळाले होते, त्यांना कोणी सावध केले नाही. विक्री झाली की विक्रेत्याची जबाबदारी संपते काय? इस्लामी फिक्हमध्ये ‘खियार-ए-ऐब’ हा ग्राहकाचा हक्क आहे. विक्रीपूर्वीचा दोष नंतर उघडकीस आल्यास तो वस्तू परत करू शकतो, मग विक्रेत्याला तो दोष ठाऊक असो वा नसो. अज्ञानानेही जबाबदारी टळत नाही, तर जाणूनबुजून पाळलेल्या मौनाने ती कशी टळेल? आणि येथे तर प्रश्न पैशांचा नव्हे, प्राणांचा होता.

आपल्या देशातही २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात सदोष वाहने परत मागवण्याची तरतूद झाली. मात्र हा कायदा कारखानदारासाठी आहे. घरची जुनी मोटार विकताना तिचे इंजिन घाटात तापते, हे केवळ आपल्यालाच ठाऊक असते. जाड ऑइल ओतून इंजिनाचा आवाज दाबता येतो. गिऱ्हाईक चार किलोमीटर चालवून समाधानाने पैसे मोजतो. तेथे ना चौकशी होते, ना दंड. तेथे असते ते केवळ ईशभय. खरे सांगून केलेल्या व्यवहारात बरकत असते आणि लपवाछपवीने ती नाहीशी होते, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. दोष सांगितला तर किंमत काही हजारांनी उतरेल. पण त्या मोटारीत उद्या कुणाची तरी मुले बसणार आहेत.