व्रत आणि कुंपण

जिंतूरजवळ नेमगिरीच्या डोंगरांत जैनांचीं प्राचीन गुहामंदिरें आहेत. त्यांतील पार्श्वनाथाची प्रचंड मूर्ति लहानशा पाषाणावर टेकलेली असल्यामुळें अधांतरीं असल्यासारखी भासते, आणि हें नवल पाहावयास भाविकांप्रमाणें सहलीस निघालेले लोकहि जातात. विरक्तांच्या स्थानीं केवळ कुतूहलानें जाणाऱ्यास कोणता अधिकार आहे, आणि विरक्तानें आपलें दार कोणास बंद करावें, हा प्रश्न येथें सहजच उभा राहतो.

त्याचें टोकाचें उदाहरण ग्रीसमध्यें सांपडतें. तेथील खाल्किदिकी द्वीपकल्पाचीं तीन बोटें समुद्रांत शिरलेलीं आहेत. कासान्द्रा व सिथोनिया या दोहोंच्या किनाऱ्यांवर उन्हाळ्यांत स्नानासाठीं झुंबड उडते. तिसऱ्यावर आथोस पर्वताच्या परिसरांत ख्रिस्ती संन्याशांचे २० मठ आहेत. त्यांतील महालाव्रा इ. स. ९६३ मध्यें स्थापन झाला. तेथें जाण्यास पुरुषाला परवाना लागतो. स्त्रीला तो मिळतच नाहीं. ब्रह्मचर्याला बाधा येऊं नये म्हणून हा निर्बंध शतकानुशतकें चालत आला असून राज्याच्या कायद्याचेंहि त्यास पाठबळ आहे.

एकांताला कुंपण लागतें, हें खरेंच. जेथें बाजार भरला तेथें ध्यान कसें लागावें? शिवाय मठ हें संन्याशाचें घर आहे, आणि आपल्या घरीं कोणास घ्यावें हें ज्याचें त्यानें ठरवावें. परंतु आथोस हें एक घर नव्हे. डोंगर, अरण्य व बंदरें यांसह तो अवघा प्रदेश आहे. व्रत एकानें घ्यावें आणि त्याचा भार दुसऱ्यानें वाहावा, हा न्याय नव्हे.

नेमगिरीवर ज्यांची मूर्ति आहे ते बाविसावे तीर्थंकर नेमिनाथ. विवाहास निघाले असतां मेजवानीसाठीं कोंडलेल्या पशूंचा आक्रोश ऐकून ते माघारी फिरले, अशी कथा आहे. ते स्वतः वळले. त्यांनीं कोणास हांकलून दिलें नाहीं. पुढें वधू राजीमतीनेंहि दीक्षा घेतली. स्त्रीच्या मोक्षाविषयीं दिगंबर व श्वेतांबर यांच्यांत मतभेद असला, तरी संघांत तिला स्थान आहेच.

विरक्तीहि जगाच्या ऋणांत असते. मुंबईजवळच्या कान्हेरी लेण्यांतील शिलालेख पाहा. गुहा व पाण्याचीं टांकीं करविणाऱ्यांत कल्याण-सोपाऱ्याचे व्यापारी आहेत, तशाच स्त्रियाहि आहेत. ज्यांच्या दानावर एकांत उभा राहिला, त्यांना परकें कसें म्हणावें?

बंद दारांचें दुःख महाराष्ट्रास नवें नाहीं. नाशिकच्या काळाराम मंदिरासाठीं डॉ. आंबेडकरांनीं १९३० मध्यें सत्याग्रह आरंभिला. पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरासाठीं साने गुरुजींनीं १९४७ मध्यें उपोषण केलें. दोन्ही प्रसंगीं प्रश्न एकच होता: अट आचरणाची कीं जन्माची? मौन पाळा, वेळ सांभाळा, या अटी मनुष्यास पाळतां येतात. जन्माची अट कोणासच पुरी करतां येत नाहीं. म्हणून ती अट नसून बहिष्कार असतो.

मात्र दार उघडलें कीं पाहुण्याचें कर्तव्य सुरू होतें. प्रवाशाकडून श्रद्धेची मागणी करतां येत नाहीं. संयमाची करतां येते. ज्यानें सर्व सोडलें त्याच्या दारीं आपण निदान आपला गोंगाट तरी बाहेर सोडावा. असा संयम पाळणारा, मग तो स्त्री असो वा पुरुष, भाविक असो वा नसो, तेथें उपरा नाहीं.