भाकणूक नेमकी कोणाची?

कर्नाटकातला बोरगाव-निपाणीचा पट्टा आणि पलीकडचा महाराष्ट्रातला हातकणंगले तालुका यांच्यामध्ये १९५६ पासून राज्याची सीमा आहे. मेंढपाळांच्या देवांनी ती कधी जुमानली नाही. मराठी धनगरांचा बिरोबा हाच कन्नड कुरुबांचा बीरप्पा, आणि जेजुरीचा खंडोबा हाच मैलार. सरकारी याद्यांत मात्र भक्त वेगळे पडतात. महाराष्ट्रात धनगर भटक्या जमातींत मोडतो, तर कर्नाटकात कुरुब इतर मागासवर्गात.

या पट्ट्यातला सगळ्यात लक्षवेधी विधी म्हणजे भाकणूक, देवाच्या नावाने सांगितलेले भविष्य. निपाणीजवळ आप्पाचीवाडीला हालसिद्धनाथाच्या यात्रेत आणि सीमेपलीकडे पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या (बिरदेव म्हणजेच बिरोबा) यात्रेत ती होते. पट्टणकोडोलीची यात्रा आश्विनात, दिवाळीच्या तोंडावर भरते. ढोल आणि कैताळ घुमू लागतात, देवांच्या छत्र्या वर उचलल्या जातात आणि भंडारा, लोकर, खारीक-खोबरे यांची उधळण होऊन माणसे, जमीन, छपरे सगळे पिवळेधमक होते. सोलापूर जिल्ह्यातल्या अंजनगावाहून पायी आलेले देवाचे मानकरी फरांडेबाबा तलवार पोटाला लावून हेडाम हे नृत्य खेळतात आणि मग बोलतात. येता पाऊस, धान्याची धारण, रोगराई, राजकारण हे विषय ठरलेले. दुसऱ्या दिवशी ते बोल वर्तमानपत्रांत छापून येतात.

तेवढ्यावरून वाद सुरू होतो तो खरे-खोट्याचा. बुद्धिवादी मंडळी मागच्या वर्षीची भाकणूक काढून पर्जन्यमानाशी ताडून पाहतात आणि भक्त त्यातलेच जुळलेले बोल मोजतात. दोघांची कसोटी एकच, विधान वस्तुस्थितीला धरून आहे की नाही. पण त्याआधीचा प्रश्न राहूनच जातो. हे विधान करतो कोण? अंगात वारे आले की बोलणारा तो माणूस नव्हे, अशी ऐकणाऱ्यांची धारणा असते. मग ‘त्याचा यावर विश्वास आहे का?’ हा प्रश्न विचारायचा कोणाला?

भारतीय तत्त्वज्ञानाला हा पेच नवा नाही. मीमांसकांनी वेदाला अपौरुषेय म्हटले. कर्ताच नाही, तर चूक करणार कोण, असा त्यांचा युक्तिवाद. नैयायिकांनी उलट बाजू धरली. शब्द प्रमाण ठरतो तो बोलणारा आप्त, म्हणजे जाणता आणि सत्यवचनी असतो म्हणून. भाकणूक या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसते. देव बोलतो म्हणून ती आप्तवाक्य, पण मुख माणसाचे. शिवाय वेद एकदाच आहे आणि भाकणूक दरवर्षी नवी होते, म्हणजे दरवर्षी खोटी ठरण्याचा धोका पत्करून. शास्त्रग्रंथांना हे धाडस करावे लागत नाही.

मेंढपाळांच्या या धर्माकडे बारकाईने पाहणाऱ्यांत गुंथर सोंथायमर (१९३४–१९९२) यांचे नाव पहिले घ्यावे लागते. हायडेलबर्ग विद्यापीठातला हा जर्मन अभ्यासक मूळचा हिंदू कायद्याचा. मराठी शिकून तो धनगरांच्या वाड्यांवर गेला आणि त्यांच्या ओव्या व कथा त्याने ध्वनिमुद्रित केल्या. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावरचा त्याचा जर्मन ग्रंथ १९७६ साली आला, अॅन फेल्डहाउस यांचे इंग्रजी भाषांतर १९८९ मध्ये. देवाची कथा, कळपाची वाट आणि पावसाचा काळ यांना एकमेकांपासून तोडता येत नाही, हे त्याने दाखवले. पावसाळा संपला की मेंढरे दूरच्या कुरणांकडे निघतात. पट्टणकोडोलीची भाकणूक नेमकी त्याच सुमारास होते, हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) मध्ये पंढरीच्या देवाची मुळे गवळी-धनगरांच्या दैवतांपर्यंत नेली, तेव्हा विठ्ठल-बिरोबाची जोडी त्यांच्या विवेचनात महत्त्वाची होती.

भाकणुकीतला ‘यावर विश्वास आहे का?’ हा प्रश्न उत्तर ध्रुवाकडच्या लोकांच्या अभ्यासातही वेगळ्या रूपात उभा राहिला. ग्रीनलंडमध्ये जन्मलेल्या क्नूद रासमुसेन या संशोधकाला तिथली भाषा लहानपणापासून येत होती. १९२१ ते १९२४ च्या मोहिमेत कॅनडाच्या इग्लूलिक भागातल्या आउआ या इन्युइट शामानला, म्हणजे देवऋष्याला, त्याने रिवाजांची कारणे विचारली. आउआने त्याला बाहेर वादळात नेले. हे वादळ का, शिकार का मिळत नाही, आजारी माणसाने काय पाप केले, असे उलटे प्रश्न त्याने केले. आपले लोक कशाचे स्पष्टीकरण देत नाहीत, ते विश्वास ठेवत नाहीत तर भितात, असा त्याच्या बोलण्याचा मथितार्थ होता. म्हणजे धर्म ही मान्य केलेल्या विधानांची यादी नव्हे. हवा आणि भूक यांच्याशी माणसाने केलेला तो व्यवहार आहे.

आउआचे हे बोलणे पट्टणकोडोलीला जसेच्या तसे लावता येणार नाही. तिथे भीतीपेक्षा उत्सव मोठा, आणि ‘चांगभलं’च्या गजरात जत्रेचा बाजारही जोरात चालतो. पण अभ्यासकाने घ्यावा असा धडा त्यात आहे. ‘पशुपालकांना हवामानाचा अंदाज हवा असतो, म्हणून भाकणूक’ हे उत्तर सोयीचे असले तरी अपुरे आहे. अंदाजासाठी आज वेधशाळा आहे, मोबाइल आहे, तरी माणसे येतातच. वर्ष सुरू होण्याआधी आपल्या देवाने आपल्या चिंतांची नावे सर्वांसमोर घ्यावीत, ही गरज वेधशाळेने भागत नाही.

कन्नड बाजूला मैलार देवाच्याच नावाच्या गावी माघी पौर्णिमेच्या सुमारास गोरवय्या, म्हणजे त्या देवाचा उपासक, उंच धनुष्यावर चढून एका वाक्यात कार्णिक, म्हणजे भविष्यवाणी, सांगतो, आणि तिथेही त्या वाक्याचा अर्थ लावण्यात लोक गुंततात. मराठी भाकणूक लांबलचक, हे कार्णिक एकाच वाक्याचे. दोन्ही परंपरा शेजारी ठेवल्याशिवाय या शब्दप्रामाण्याचे स्वरूप कळणार नाही. त्यासाठी मराठी आणि कन्नड दोन्ही घरच्यासारख्या बोलणारा अभ्यासक हवा, आणि बोरगाव-निपाणीकडे अशी माणसे घरोघर आहेत. हे काम त्यांनीच हाती घ्यावे.