चारला उतरणारा काटा

दादरच्या एका गृहस्थांना मामांच्या पश्चात दोन गोष्टी मिळाल्या. एक जहाजावरचा पितळी बॅरोमीटर आणि दुसरा वह्यांचा गठ्ठा. मामांची उभी हयात मालवाहू जहाजांवर गेली. तिथे दर चार तासांनी पाळी बदलते आणि पाळी सोडणारा माणूस हवेचा दाब, वारा, ढग लिहून ठेवतो. मामांची ती सवय निवृत्तीनंतर दादरच्या घरातही सुटली नव्हती. शिसपेन्सिलीनं, बारीक अक्षरात, भाचरांच्या थट्टेला न जुमानता ते लिहीत राहिले. ते गेल्यावर वह्या रद्दीवाल्यानं किलोवर नेल्या. बॅरोमीटर राहिला, पितळ होतं ना.

गृहस्थांचं कर्नाळ्याला फार्महाउस होतं. पनवेलहून शिरढोण मागं टाकून मुंबई-गोवा महामार्गानं निघालं की कर्नाळा गडाचा अंगठा, तो उभा सुळका, दिसू लागतो. त्याच्या पायथ्याशी, पक्षी अभयारण्याच्या हद्दीबाहेर. राखणीला ठाकरवाडीतलं एक कुटुंब होतं: नवरा, बायको आणि शाळेत जाणारी मुलगी. नवरा-बायको गृहस्थांना साहेब म्हणत, मुलगी काका म्हणे. आपणही साहेबच म्हणू.

२०१८च्या दिवाळीत साहेबांनी बॅरोमीटर पडवीत टांगला. पांढरी तबकडी, तिच्यावर गोलाकार पाच इंग्रजी शब्द: स्टॉर्मी, रेन, चेंज, फेअर, व्हेरी ड्राय. निळसर पोलादी काटा हवा फिरवते. पितळी काटा आपण हातानं फिरवायचा, आत्ता पोलादी काटा जिथे आहे त्याच्यावर आणून ठेवायचा. मग पुढच्या वेळी दोघांत किती अंतर पडलं ते कळतं. आतमध्ये पाऱ्याचा थेंबही नसतो. हवा काढून घेतलेली पन्हळी पत्र्याची डबी असते, बाहेरच्या हवेचा भार वाढला की ती दबते, कमी झाला की फुगते, आणि ती केसाएवढी हालचाल तरफा मोठी करून काट्याला देतात. ल्युसियँ विदी या फ्रेंच माणसानं १८४४ साली ही युक्ती काढली आणि डुचमळणाऱ्या जहाजांवर पाऱ्याच्या नळ्या सांभाळणाऱ्यांचा दुवा घेतला.

साहेब शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास पोचायचे. आल्या आल्या काचेवर टिचकी मारून पितळी काटा जुळवायचे. जेवण, वामकुक्षी, आणि चारच्या चहाला पुन्हा टिचकी. काटा उतरलेला! तीन-चार मिलिबार! साहेब पडवीतून हाक द्यायचे, "वाळवण उचला, पाऊस येतोय!" राखणदाराची बायको पळत जाऊन कुरडया-पापड गोळा करायची. वर आभाळ निरभ्र, ऊन लखलखीत. संध्याकाळ कोरडी, रात्र चांदण्याची. पुढच्या शनिवारी तेच, त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच. होळीनंतर तिनं उठणं सोडलं. "चार वाजले की साहेबांचा पाऊस येतो," एवढंच म्हणायची.

तिच्या नवऱ्याचा भरवसा अंगठ्यावर. अंगठा ढगात गेला की पाऊस, हे त्याचं शास्त्र. चुकीचं नव्हतं, पण आषाढात आठवडा आठवडा अंगठा दिसत नाही आणि पाऊस तर अंगणातच उभा असतो. तेव्हा त्या शास्त्राला विचारायचं काय?

जुलै २०१९मध्ये साहेबांचा धीर सुटला. पागोळ्यांची भिंत झाली होती, ओढा रस्त्यावर आला होता आणि काटा 'चेंज' या शब्दाशी निवांत उभा. 'रेन'च्या जवळपासही नाही. "बोगस निघाला," साहेब म्हणाले. "माळ्यावर टाकून दे."

काटा खोटं बोलत नव्हता. मुंबईच्या किनाऱ्यावर जानेवारीत हवेचा दाब १०१४ मिलिबारच्या आसपास असतो, जुलैत १००४च्या. वर्षभराचा फरक साधारण दहाचा. लंडनमध्ये एवढी उलथापालथ एका आठवड्यात होते. तबकडीवरचे शब्द त्या हवेला मोजून बसवलेले. कोकणातला पाऊस समुद्रावरून वाहत येणाऱ्या वाऱ्यांचा, डोंगराला अडून वर चढणाऱ्या ढगांचा. तो कोसळताना दाब रोज खोल घसरलाच पाहिजे असं नाही. म्हणून इथे काटा बारा महिने 'चेंज' आणि 'फेअर' यांच्या दरम्यान येरझारा घालतो. साहेब काटा बघतच नव्हते. ते शब्द वाचत होते.

राखणदारानं बॅरोमीटर माळ्यावर टाकला नाही. मुलीनं मागून घेतला आणि मागच्या खोलीत, चुलीपासून लांब, मेढीला अडकवला. इंग्रजी तिला जेमतेम यायचं, तेव्हा शब्दांचा जाच नव्हता. तिनं गेल्या वर्षीच्या वहीची कोरी पानं काढून चार रकाने आखले: सकाळी सहा, सकाळी दहा, दुपारी चार, रात्री दहा. शाळेच्या दिवशी चारचा रकाना कोरा राहायचा, रविवारी आणि सुट्टीत भरायचा. शेजारी एक-दोन शब्द: 'सर आली', 'धुकं', 'वारा खाडीकडून', 'काही नाही'. पानंच्या पानं 'काही नाही'. असली वही कोणी उघडून पाहिली असती तर पोरीला उद्योग नाही असंच म्हटलं असतं.

पण त्या कंटाळवाण्या पानांतच साहेबांच्या पावसाचा उलगडा झाला. काटा रोज सकाळी दहाला चढलेला, चारला उतरलेला, रात्री दहाला पुन्हा चढलेला. ऊन असो वा ढग. उंचावरचा ओझोन आणि हवेतली वाफ सूर्यामुळे तापते आणि सगळ्या वातावरणाला दिवसातून दोनदा भरती-ओहोटी येते. विषुववृत्ताकडच्या देशांत ती ठळक दिसते. इंग्लंडकडे एवढीशी, तीही रोजच्या वादळांत बुडून जाते. साहेब नेमके भरतीला यायचे आणि ओहोटीला चहा प्यायचे.

डिसेंबरात वाडीतली पोरं गडावर निघाली तेव्हा तिनं बॅरोमीटर मफलरमध्ये गुंडाळून पिशवीत घेतला. अंगठ्याच्या बुडाशी, पाण्याच्या टाक्यांपाशी बसून तिनं मफलर सोडला. वर मधमाश्यांची पोळी लोंबत होती, समोर प्रबळगड कोरल्यासारखा स्वच्छ, आभाळात ढगाचा ठिपका नाही. काटा चाळीसेक मिलिबार खाली, 'स्टॉर्मी'कडे निघालेला. एक पोरगा त्या शब्दाचा अर्थ सांगून पोट धरून हसला, "वादळ म्हणतंय, पळा!" ती हसली नाही. ती उतरताना वाटेत तीनदा थांबली, दर वेळी काटा थोडा थोडा वर आलेला. घरी मेढीला टांगला तेव्हा जवळपास होता तिथे परत. चढलं की डोक्यावरची हवा कमी उरते, साधारण साडेआठ-नऊ मीटरला एक मिलिबार, हे गणित तिला पुढे शाळेत बाईंनी सांगितलं. वहीत तिनं त्या दिवशी फक्त लिहिलं, 'गडावर वेगळा. घरचा घरी.'

मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली आणि साहेब कर्नाळ्यातच अडकले. शाळा बंद, त्यामुळे चारचा रकानाही रोज भरू लागला. मे संपता संपता नवरंग शीळ घालू लागला आणि जूनच्या पहिल्या दोन दिवसांत मोबाइलवर 'निसर्ग' चक्रीवादळाच्या सूचनांचा मारा झाला. हवामान खात्यानं रायगडला आधीच सावध केलं होतं; किनाऱ्यावरची माणसं हलवली जात होती. बॅरोमीटरनं वादळाचा शोध लावला, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये. उपग्रहांपुढे मेढीवरच्या तबकडीची काय मातब्बरी?

३ जूनला सकाळी दहाला मुलगी मागच्या खोलीतून पडवीत आली. "काका, आज दहाला चढला नाही. उतरतोय."

साहेब मोबाइलवर बातम्या बघत होते. "अगं, अलिबागकडे आहे ते. आपल्याकडे नुसता वारा."

दुपारी वीज गेली, मग मोबाइलचा टॉवर गेला. उपग्रह होते तिथेच होते, पण त्यांचं बोलणं आता कर्नाळ्यात पोचत नव्हतं. वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं तो हाच सुमार. तिथे वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर. इथे गोठ्याचे पत्रे खिळ्यांसकट उचकटत होते. मध्येच एकदा वारा पडल्यासारखा झाला. साहेबांची गाडी शिरीषाखाली होती. किल्ली घेऊन ते उठले, राखणदारही पत्रे गोळा करायला निघाला.

"बाबा, काका, थांबा. अजून उतरतोय."

साहेबांनी वाकून तबकडी पाहिली. "चेंजच तर दाखवतोय."

मुलीनं वही पुढे केली. पानावर बोट ठेवून ती मागे मागे जात राहिली: मे, एप्रिल, मार्च, थंडी, गेला श्रावण. कुठेही, एकाही दिवशी, दहाचा आकडा सहाच्या खाली नव्हता. आणि आजच्यासारखी घसरण कुठल्याच पानावर नव्हती. साहेब ते बारीक अक्षर बघत राहिले. किल्ली टेबलावर ठेवली. थोड्या वेळानं शिरीषाची एक मोठी फांदी गाडीच्या टपावर बसली, त्या आवाजानं राखणदाराची बायको देवाचं नाव घेत उठली.

पुढे काटा थांबला आणि हलकेच वर सरकला. "चढला!" मुलगी म्हणाली. राखणदारानं लगेच पायात चपला सरकवल्या.

आता साहेबांनी त्याचा दंड धरला. "नको. मामा म्हणायचे, खोल जाऊन पहिल्यांदा चढायला लागला की वारा उलट जास्त सुटतो. घाईनं चढला तर आणखी." ते आठवलं कसं याचं त्यांनाच नवल वाटलं. लहानपणी वहीशेजारी बसून ऐकलेलं, इतकी वर्षं कामाला आलं नव्हतं. वारा सुटलाच, दिशा बदलून आला, आणि उरलेसुरले पत्रे घेऊन गेला. काटा रेंगाळत रेंगाळत ओळखीच्या जागी येईपर्यंत कोणी उंबरा ओलांडला नाही. मुलीनं साहेबांचं वाक्य रात्री दहाच्या नोंदीसमोर उतरवून घेतलं. रकान्यात मावेना म्हणून समासात.

टाळेबंदी सैल झाल्यावर साहेब दादरला जायला निघाले. राखणदार बॅरोमीटर पुसून घेऊन आला.

"राहू दे तिच्याकडे," साहेब म्हणाले. "माझ्या फोनमध्ये दाब मोजायची सोय आहे म्हणे. मी तिकडे लिहीन. पण पोरी, ही वही दे. झेरॉक्स काढून परत पाठवतो."

"घ्या की. पण तिकडे तिचा उपयोग नाही, ती इथली आहे. तुमचं घर कितव्या मजल्यावर?"

"चौदाव्या."

तिनं मनात हिशेब केला. "म्हणजे खालच्या फाटकापेक्षा पाचेक मिलिबार कमीच दिसणार, ते धरून चाला. एक वर्षभर नुसतं लिहा. आणि काका, चारला उतरला म्हणून फोन करू नका."