माफी न मागणारा साक्षीदार

उरणच्या मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याकडे जाणाऱ्या लाँचीत माझ्या हातातील पुस्तक पाहून शेजारी बसलेल्या एका परिचित गृहस्थांनी लेखक कोण म्हणून विचारले, मी आनंद असे नाव सांगितले, आणि हे मल्याळम कादंबरीकार पेशाने स्थापत्य अभियंता असून केंद्रीय जल आयोगातून नियोजन-संचालकाच्या हुद्द्यावर निवृत्त झाले, ही न विचारलेली माहितीही जोडून दिली; तेव्हा हे गृहस्थ, ज्यांची स्वतःची उभी हयात भूसंपादनाच्या दफ्तरात गेली, चटकन म्हणाले, "म्हणजे सरकारचे मीठ खाल्ले आणि सरकारवरच कादंबऱ्या लिहिल्या! मग त्यांना बोलण्याचा हक्क तो काय राहिला?" लाँच धक्क्याला लागली, आम्ही आपापल्या वाटेने गेलो, पण ते वाक्य मला खुपत राहिले, कारण ते मूर्खपणाचे होते म्हणावे तर त्याला तत्काळ उत्तर सुचावयास हवे होते, आणि ते काही सुचले नाही.

आनंद म्हणजे पी. सच्चिदानंदन. त्यांचे चरित्र ज्यांना ठाऊक आहे त्यांना चार ओळीही जास्त आणि ज्यांना ठाऊक नाही त्यांना चार पुरे. १९३६ साली केरळातील इरिंजालकुड्यात जन्म, तिरुवनंतपुरमला अभियांत्रिकीचे शिक्षण, उमेदीची काही वर्षे मुंबईत, काही काळ लष्करात, आणि त्यानंतर दीर्घकाळ जल आयोगात. 'आळ्क्कूट्टम्' ही त्यांची पहिली कादंबरी १९७० साली प्रसिद्ध झाली. मुंबईच्या गर्दीत येऊन पडलेल्या, शिकलेल्या आणि नोकरीच्या शोधात अथवा नोकरीच्या कंटाळ्यात हरवत चाललेल्या तरुणांची ही कहाणी आहे, आणि मल्याळम कादंबरीला तिने नवे वळण दिले हे आता तेथील समीक्षकांत वादाचे राहिलेले नाही. आपल्याकडे मात्र तिची दखल जवळजवळ नाहीच, याचे मला नवल वाटते. कारण ज्या दशकात मुंबईतील दाक्षिणात्य कारकुनांच्या नावांच्या याद्या छापून येत होत्या आणि ज्या दशकात, १९६६ साली, शिवसेना स्थापन झाली, त्याच काळातील मुंबई ही कादंबरी दाखविते, आणि ज्यांच्या नावाने एवढा गदारोळ झाला ते रात्री खोलीवर परतल्यावर कोणत्या विवंचनेत असत हे जाणण्याचे याहून चांगले साधन आपल्याला मिळाले नसते. पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

त्या गृहस्थांना द्यावयाचे पहिले उत्तर जे मनात आले ते सर्वांना पाठ असलेले होते: पोटाची नोकरी निराळी, लेखणी निराळी, माणूस अकरा ते पाच सरकारचा असतो, नंतर स्वतःचा. आनंदांच्या बाबतीत हे उत्तर साफ लंगडे पडते. त्यांच्या लेखनातून त्यांची नोकरी वजा करता येत नाही. 'मरुभूमिकळ् उण्डाकुन्नतु', म्हणजे मरुभूमी कशा तयार होतात, या १९८९ च्या कादंबरीचा नायक कुंदन हा क्रांतिकारक नाही, कवी नाही. राजस्थानच्या वाळवंटात रंभागढ येथे चाललेल्या एका सरकारी संरक्षण-प्रकल्पावर नेमलेला तो मजूर-अधिकारी आहे. कामावर कैदी आहेत, आणि ती यंत्रणा माणसांचे काय करीत आहे हे कुंदनला कळते ते तिच्याच कागदपत्रांतून. पाच वाजल्यानंतरच्या माणसाने हे लिहिलेले नाही. अकरा ते पाच कचेरीत बसलेल्या माणसानेच लिहिले आहे.

आता मिठाविषयी थोडे, कारण उरण तालुक्यात बसून मिठाचा दाखला देणाऱ्याने जरा जपूनच द्यावा. येथील मिठागरे जुनी. खाजणाला बांध घालून भरतीचे पाणी आत घ्यावयाचे, एका कोंडीतून दुसऱ्या कोंडीत फिरवीत उन्हाने आटवावयाचे, आणि तळाशी दाणा धरला की फळीने ओढून त्याच्या राशी करावयाच्या, हे काम आगऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या केले. पायांना भेगा पडल्या त्या त्यांच्या. सरकारने काय केले? इंग्रजी अमलात मिठावर कर बसविला, खाते उघडले, पहारे ठेविले, आणि स्वतःच्या आगरातील मीठ सरकारी परवान्यावाचून उचलणाऱ्यास गुन्हेगार ठरविले. पुढे स्वतंत्र देशाच्या सरकारने न्हावा-शेवा बंदरासाठी ज्या जमिनी घेतल्या त्यांत भातखाचरे होती तशी मिठागरेही होती. तेव्हा या किनाऱ्यावर कोणी कोणाचे मीठ खाल्ले याचा हिशेब एकदा मांडलाच तर बाकी कोणाच्या नावे निघेल, हे भूसंपादनाच्या दफ्तरात बसलेल्या माणसाला मी सांगावयाचे म्हणजे फारच झाले.

परंतु हा झाला टोला. टोला म्हणजे उत्तर नव्हे. उत्तराकडे जाण्यासाठी मला माझ्या एका जुन्या भेदाचा आधार घ्यावा लागतो, ज्याचा कंटाळा माझ्या मित्रांना आलेला आहे. जुलूम आणि कारभार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुलमाला चेहरा असतो: कोणी हुकूम दिला, कोणी पाळला, कोण पडले, हे सांगता येते. कारभाराने होणाऱ्या अन्यायाला चेहरा नसतो, केवळ हुद्दे असतात. त्यात प्रत्येकाने आपापले काम नियमाप्रमाणे केलेले असते आणि सर्वांच्या नेमस्तपणाची बेरीज मात्र एखाद्या गावाच्या विनाशाइतकी भरते. १९८४ च्या जानेवारीत, १६ आणि १७ तारखांना, जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उतरलेल्या लोकांवर गोळीबार झाला आणि पाच माणसे मारली गेली. तो जुलूम होता, म्हणून त्याचे स्मारक झाले, दरवर्षी त्या दिवशी लोक जमतात, आणि साडेबारा टक्के विकसित भूखंडाची जी योजना पुढे निघाली तिच्या मुळाशी ते रक्त आहे हे कोणी नाकारीत नाही. परंतु त्याच न्हावा-शेवा बंदरासाठी शेवा कोळीवाडा उठविला गेला, त्या लोकांना उरणलगत हनुमान कोळीवाडा म्हणून वसविण्यात आले, आणि त्या नव्या घरांना वाळवी लागली. दाराची चौकट दाबली तर बोट आत जाते, वासा ठोकला तर भुसा गळतो. येथे गोळी कोणी झाडली? जागा कोणी निवडली, मोजणी कोणी केली, मंजुरी कोणी दिली, पाहणीचा अहवाल कोणाच्या टेबलावर राहिला? प्रत्येकाजवळ आपल्या कामाचा कागद आहे आणि तो बहुधा बिनचूक आहे. गोळीबाराचा दिवस पाळता येतो. वाळवी लागल्याची तारीख कोणती धरावी?

आनंदांची सारी प्रतिभा या दुसऱ्या प्रकारच्या अन्यायावर खर्ची पडली आहे. भारतेंदु हरिश्चंद्रांच्या 'अंधेर नगरी' या १८८१ च्या प्रहसनात भिंत पडून एक शेळी मरते, आणि दोष भिंतीच्या मालकाकडून गवंड्याकडे, चुनेवाल्याकडे, भिश्त्याकडे असा ढकलला जात अखेर कोतवालावर येऊन ठेपतो. परंतु फास मोठा झालेला आणि कोतवाल किरकोळ अंगाचा, म्हणून ज्याची मान फासात नीट बसेल असा धष्टपुष्ट गोवर्धन पकडून आणण्यात येतो. हरिश्चंद्रांनी तो गुरूच्या युक्तीने सोडविला आणि मूर्ख राजालाच फासावर चढविले. लोक हसत घरी गेले. आनंदांनी 'गोवर्धनन्टे यात्रकळ्' या १९९५ च्या कादंबरीत, जिला १९९७ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, या गोवर्धनाला प्रहसनाबाहेर काढून इतिहासाच्या रस्त्याने चालावयास लाविले, आणि तो ज्या ज्या काळात जातो तेथे फास आधी तयार असतो व मानेचा शोध नंतर सुरू होतो असे दाखविले. नकाशा आधी तयार आणि गावाचा शोध नंतर, हे ज्याने धरणांच्या नियोजनाच्या खात्यात राहून पाहिले आहे त्यालाच त्या जुन्या विनोदातील भीषणता इतकी स्वच्छ दिसावी, यात मला योगायोग वाटत नाही.

येथे माझी भूमिका माझ्या हातून निसटू लागली. नोकरी असूनही आनंदांना बोलण्याचा हक्क आहे, एवढेच मला सिद्ध करावयाचे होते. आता असे दिसू लागले की नोकरी होती म्हणूनच तो हक्क आहे. जुलूम रस्त्यावरून दिसतो, त्यासाठी कवी पुरे. कारभार कचेरीतूनच दिसतो. महात्मा फुले सार्वजनिक बांधकामांचे कंत्राटदार होते, खडकवासल्याच्या धरणाला त्यांनी माल पुरविला होता. 'गुलामगिरी'त इंजिनिअर खात्यातील लबाडीवर त्यांनी जो पवाडा रचला त्यातील तपशील रस्त्यावर उभे राहून मिळणारा नव्हे. लोकहितवादी न्यायखात्यात होते. धरणग्रस्तांवरची 'झाडाझडती' लिहिणारे विश्वास पाटील महसुली अधिकारी होते. ज्यांनी मीठ खाल्ले त्यांनीच बोलावे, असे आमच्या भाषेचा इतिहासच सांगतो की काय?

गृहस्थांची बाजू मात्र एवढ्याने निकालात निघत नाही, आणि ती त्यांनी मांडली असती त्याहून चांगली मीच मांडतो. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने गुन्ह्यातील साथीदारास साक्ष देण्याची मुभा ठेविली, पण त्याच कायद्याने न्यायाधीशास बजावले की महत्त्वाच्या मुद्द्यांवर इतर पुराव्याचा दुजोरा नसेल तर असा साक्षीदार अविश्वसनीय समजण्यास हरकत नाही. यात शहाणपण आहे. माफीचा साक्षीदार स्वतःचा वाटा कमी करून सांगतो. आनंदांनी माफी मागितलेली नाही. 'अभयार्थिकळ्' या कादंबरीला मिळालेला केरळ साहित्य अकादमीचा पुरस्कारही त्यांनी स्वीकारला नव्हता (अन्य पुरस्कार स्वीकारले, तेव्हा यातून तत्त्वज्ञान काढण्याची घाई करू नये). परंतु दुजोऱ्याची अट त्यांनाही लागू आहे. कुंदन यंत्रणा पाहतो, तिला शरमतो, तिच्यात भरडलाही जातो. पण वाळू ज्याच्या अंगणात शिरली त्याचे अंगण त्याला बाहेरूनच दिसते. आनंदांच्या कादंबऱ्यांतील माणसे कित्येकदा चर्चाच फार करतात असा जो आक्षेप येतो, त्याचे कारण मला येथे दिसते: ज्याला अंगण नाही त्याला चर्चा करावी लागते.

मग दुजोरा देणार कोण? हनुमान कोळीवाड्याने अर्ज लिहिले, निवेदने दिली, मोर्चे काढले. कादंबरी लिहिण्याची सवड त्याला कोठून? मला वाटते ती साक्ष तिसऱ्या पिढीकडे आहे: ज्याच्या आजाचे नाव भूसंपादनाच्या निवाड्यात आहे आणि जो आज त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या यार्डात कंत्राटी पाळी करून कंटेनर उचलतो, अशा मुलाकडे. तो फिर्यादी आहे, कारण जमीन त्याची गेली. भागीदार आहे, कारण पगार त्याच बंदराचा आहे. आणि कचेरी व अंगण ही दोन्ही त्याला आतून ठाऊक आहेत. त्याने लिहावयास घेतले तर त्याला दफ्तराची भाषा समजून घ्यावी लागेल, संयुक्त मोजणीच्या नकाशावर सर्व्हे नंबर आणि हिस्से कसे वाचावयाचे, कोणत्या नोटिशीनंतर कोणती नोटीस निघते, निवाड्यातील कोणता रकाना रिकामा ठेवला जातो आणि का, हे कोणीतरी शिकवावे लागेल. आणि ही विद्या ज्यांच्या बोटांवर आहे असे निवृत्त अधिकारी उरण-पनवेलात अद्याप पुष्कळ आहेत, सरकारचे पेन्शन घेत.