एका रोजाचा हिशेब

घर गळते आहे हे खरे कळते ते रात्री. दिवसाच्या गडबडीत पाण्याचा एखादा थेंब कोण ऐकतो? पण मध्यरात्रीनंतर सारे निजानीज झाले, की तोच थेंब घड्याळासारखा वाजू लागतो. २०१६ च्या भाद्रपदात लोहाऱ्याच्या आमच्या नव्या घरात हा ठेका सुरू झाला. स्लॅब पडून तेव्हा पुरते चार महिने झाले होते.

मी उठून थेंबाखाली घमेले ठेवले आणि पुन्हा आडवा झालो. आईने मात्र अंथरूण गुंडाळले, ओसरी गाठली, आणि पाऊस थांबेपर्यंत ती तिथेच बसून राहिली. तिचे माहेर सास्तूरचे. १९९३ साली ३० सप्टेंबरच्या पहाटे भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचे ओझे. माणसे झोपेतच त्याखाली गेली. तेव्हापासून आमच्याकडे भिंतीची चीर ही नुसती चीर राहिलेली नाही. “वर भेग आहे रे,” एवढेच ती म्हणाली. आता हिला घरात कसे निजवावे, या विचाराने माझी झोप उडाली.

सकाळी मी मिस्त्रीला फोन लावला आणि जरा चढ्या आवाजात म्हणालो, “मिस्त्री, तुमचा स्लॅब गळतोय.” स्लॅब पडला त्या दिवशी पेढे वाटताना मी सगळ्यांना ‘आमचा स्लॅब’ म्हणून सांगत होतो. गळू लागताच तो मिस्त्रीचा झाला!

मिस्त्री आला. एक बिगारी बरोबर घेऊन दिवसभर छतावर बसला. चीर छिन्नीने उकलली, धुतली, सिमेंटचा घोळ भरला. संध्याकाळी थापी धुऊन निघाला. पैशांचे नाव त्याने काढले नाही, मीही काढले नाही. शेजारी म्हणाले, “बरोबरच आहे. काम त्याचे, चूक त्याची, पैसे कसले?” मलाही ते पटले, म्हणजे पटवून घेतले.

हा न्याय काही नवा नाही. बाबिलोनच्या हम्मुराबी राजाने सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वी दगडावर कायदे कोरविले. गवंड्याने बांधलेली भिंत कलली तर त्याने ती स्वतःच्या खर्चाने भक्कम करून द्यावी, असे त्यांत आहे. घर पडून मालक मेला तर गवंड्याला देहान्त! आपल्याकडे २०१६ सालीच स्थावर संपदेचा कायदा झाला. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला, तर विकसकाने तीस दिवसांच्या आत तो विनामूल्य दुरुस्त करून द्यावा, असे तो सांगतो. विकसकाच्या तिजोरीत त्या दुरुस्तीची तरतूद आधीच किमतीत धरलेली असते. आमच्या मिस्त्रीची तिजोरी म्हणजे सदऱ्याचा खिसा. फुकटचा एक दिवस म्हणजे त्याचा सहाशेचा रोज बुडाला, आणि बिगाऱ्याचे तीनशे त्याने पदरचे दिले असणार.

जुन्या गावगाड्यात हा प्रश्न असा उभाच राहत नसे. सुतार-लोहारांना वर्षाचे बलुते असे. नांगर मोडो, फाळ बोथट होवो, कुणबी अवजार घेऊन दारात येई आणि ते नीट करून नेई. मोबदला खळ्यावर, रास झाल्यावर, धान्याच्या रूपाने. त्यामुळे काम आणि दुरुस्ती असे दोन वेगळे हिशेब नव्हते. अवजार वर्षभर चालते ठेवणे हेच काम. ती व्यवस्था फार प्रेमाची होती असे मी म्हणणार नाही. जातीने बांधलेल्या माणसाला ‘नाही’ म्हणण्याची सोय नव्हती, आणि पीक बुडाले की बलुतेही बुडे. पण कुणब्याने फाळ खडकावर घातला की लोहाराच्या हातून तो ढिला बसला, हे दोघांनाही तो फाळ बघताच कळे. लपवायला जागा नव्हती.

आमच्या घराचे काम मी गुत्त्याने दिले होते. आणि लपवायला जागा होती.

स्लॅब पडला तो ऐन वैशाखात. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणले, तोच हा उन्हाळा. लोहाऱ्यातही आम्ही टँकरचे पाणी विकत घेत होतो. मिस्त्रीने जाताना बजावले होते, “गुरुजी, वाफे बांधून दिल्यात. धा-बारा दिवस पाणी हटू देऊ नका.” सिमेंटला नुसते वाळायचे नसते, पाणी पिऊन घट्ट व्हायचे असते, हे मी शाळेत मुलांना शिकवतो. चौथ्या दिवशी टँकरवाल्याने भाव वाढवला आणि मी वाफे कोरडे पडू दिले. पिण्याला पाणी नाही तिथे सिमेंटला कुठून घालू, असे मी बायकोला म्हणालो. म्हणणे खोटे नव्हते. पण मिस्त्री छिन्नी घेऊन छतावर बसला होता तेव्हा ते त्याला सांगायला माझी जीभ उचलली नाही. “पाणी मारलं होतं ना?” असे त्याने विचारले, आणि मी “हो” म्हणालो.

दिवाळीच्या आदल्या दिवशी सहाशे रुपये घेऊन मी त्याच्या घरी गेलो. बिगाऱ्याचे तीनशे वेगळ्या पाकिटात घातले होते. पाण्याची गोष्ट सांगितली. तो हसला. “त्या दिवशीच कळलं होतं गुरुजी. चीर कुठं अन् कशी पडली, त्यावरनं कळतं.”

“मग बोलला का नाहीस?”

“तुमची वाळू मातीची होती. चाळून घ्यायला पायजे होती. मीबी बोललो न्हवतो.”

वाळू मी आणली होती, स्वस्तात. त्याने ती ओळखली, पण मालकाचे मन मोडेल म्हणून म्हणा, काम जाईल म्हणून म्हणा, तशीच वापरली. बिगाऱ्याचे पाकीट त्याने पूर्ण ठेवून घेतले. पोराचा काही दोष नव्हता, म्हणाला. स्वतःच्या सहाशेतले तीनशे परत केले. मी पुष्कळ आग्रह केला, ऐकेना. त्याच्या बायकोने चहा आणि चकली पुढे केली.

घरी आल्यावर ते तीनशे घरखर्चाच्या वहीत कुठे लिहावेत ते ठरेना. जमेला लिहावे तर मिळवले नव्हते. बायको म्हणाली, वाळू चाळायची चाळणी आणा. आई मात्र अजून पावसाची चाहूल लागली की ओसरीवरच अंथरूण घालते.