गर्भाचें चित्र आणि शाळेचा धडा

आईच्या उदरांत मूल कसें घडतें हें शाळेंतील मुलांस शिकवावें काय, व शिकवावें तर कोणत्या रीतीनें? अमेरिकेंतील कांहीं संस्थानांनीं ह्या प्रश्नाचें उत्तर कायद्यानें दिलें आहे. सन २०२३ त नॉर्थ डकोटा संस्थानानें सर्वांच्या आधीं असें ठरविलें कीं, सरकारी शाळांतून मानवी वाढीचा विषय शिकवितांना गर्भाच्या वाढीचें चलच्चित्र व निदान तीन मिनिटांचें सोनोग्राफीचें दृश्य मुलांस दाखविलेंच पाहिजे. २०२४ त टेनेसीनें व २०२५ त आयोवानें त्याच धर्तीचे कायदे केले. कॅन्ससमध्यें २०२५ त राज्यपाल लॉरा केली ह्यांनीं असें विधेयक नामंजूर केलें, तरी विधिमंडळानें त्यांचा नकार बाजूस सारिला. ह्या कायद्यांच्या पुरस्कर्त्यांच्या डोळ्यांपुढें जें चलच्चित्र आहे त्याचें नांव 'मीट बेबी ऑलिव्हिया'. गर्भपाताविरुद्ध झटणाऱ्या 'लाइव्ह ॲक्शन' ह्या संस्थेनें तें तयार केलें आहे.

उदरांतील जीव हें देवाच्या हातचें काम आहे असें मानणाऱ्या आम्हांस ही वार्ता ऐकून प्रथम संतोषच वाटेल. मुलांस हें ज्ञान मिळूंच नये असें म्हणणाऱ्यांचा पक्ष आम्हांस मान्य नाहीं. आमच्या खेड्यांतून लाजेपोटीं मुलींस इतकें अज्ञानांत ठेवितात कीं, स्वतःच्या शरीराची पहिली ओळख त्यांस भीतीनेंच होते. तथापि शिकविणें निराळें आणि मन वळविणें निराळें. दुसरें काम पहिल्याचा वेष घेऊन वर्गांत शिरलें, म्हणजे हेतु कितीहि चांगला असो, सावध झालें पाहिजे.

त्या चलच्चित्रांत गर्भाचें वय फलनाच्या दिवसापासून मोजिलें आहे. डॉक्टर व नर्सबाई मात्र शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजितात, कारण बाईस सांगतां येतो तो तोच दिवस. दोहोंत सुमारें दोन आठवड्यांचें अंतर पडतें. चित्रांतला सहावा आठवडा दवाखान्याच्या कागदावर आठवा होतो. पहिली रीत खोटी आहे असें नव्हे. परंतु हें अंतर उघड करून न सांगितल्यास प्रत्येक अवयव दोन आठवडे आधींच तयार झाला असा समज मुलीच्या मनांत राहतो. आयोवांत २०२४ पासून सुमारें सहाव्या आठवड्यानंतर बहुतेक गर्भपातांस बंदी आहे, आणि ते सहा आठवडे दवाखान्याच्या रीतीचे. तेथें हा फरक क्षुल्लक कसा म्हणावा? पुढें तीच मुलगी दिवस राहून दवाखान्यांत गेली व तिला दुसराच आंकडा ऐकूं आला, तर गुरुजींनीं आपणांस फसविलें असें तिला वाटेल. मग जें खरें शिकविलें होतें त्यावरहि तिचा विश्वास बसणार नाहीं. खोट्या तराजूविषयीं शास्त्र काय सांगतें हें आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. तो तराजू आपल्या बाजूनें झुकला म्हणून खरा होत नाहीं.

दुसरीहि एक गोष्ट आहे. जीव डोळ्यांनीं पाहिला म्हणजे त्याविषयीं आदर आपोआप उपजेल, असा ह्या कायदेकर्त्यांचा भरंवसा दिसतो. आपल्या देशांत काय घडलें? गर्भजल तपासून, व पुढें सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहून, मुलगी आहे असें कळतांच तिला नाहींशी करणारे लोक निघाले. आणि ते अडाणीच होते असें नाहीं. महाराष्ट्रानें १९८८ त व भारत सरकारनें १९९४ त ह्याविरुद्ध कायदे केले. जीव दिसत नव्हता म्हणून ते करावे लागले असें नव्हे. तो दिसत होता, आणि तरीहि नकोसा होता. ज्या घरीं तिसरी मुलगी झाली म्हणून सुइणीस रिकाम्या हातीं लावून देतात, त्या घरच्या मुलांस पडदा दाखवून काय होणार?

तरीहि धडा द्यावा असेंच आम्ही म्हणतों. कॅन्ससच्या शिक्षकानें काय, किंवा आमच्या एखाद्या मास्तरांनीं काय, चित्र दाखविण्यापूर्वीं दोन्ही मोजण्या फळ्यावर शेजारीं शेजारीं लिहाव्या, चित्र कोणीं व कशासाठीं केलें तेंहि सांगावें, आणि मुलांनीं जें विचारावयाचें असेल तें विचारूं द्यावें, मग तीन मिनिटांच्या जागीं एक तास लागला तरी चालेल.